बेंदराआधी की बेंदरानंतर

बेळगावच्या कॅम्पातल्या आमच्या चर्चमध्ये अधूनमधून एखाद्या रविवारी साक्ष द्यायची पद्धत आहे. उपासना संपत आली की पाळक पवित्र शास्त्र मिटतात, चष्मा काढतात आणि विचारतात, "कुणाला काही सांगायचं आहे का?" मग कुणीतरी उठतं. दारू सुटलेला उठतो, मुलाचा ताप उतरलेली उठते, कज्जा मिटलेला उठतो. आधी अंधार, मग प्रार्थना, मग उजेड, असा सगळ्यांच्या साक्षीचा साचा ठरलेला. मी मागच्या बाकावर पदराने वारा घेत बसते. या चर्चमध्ये मी म्हातारी झाले. मिशनच्या मुलींच्या शाळेत आयुष्यभर शिकवल्यामुळे दुसऱ्यांच्या साक्षीतल्या चुका मनातल्या मनात दुरुस्त करण्याची खोड मला लागली आहे. पण स्वतः मी कधी उठले नाही. नवे पाळक आले की त्यांना कुणीतरी सांगतं, आणि ते मला गाठून म्हणतात, "बाई, तुमची साक्ष एकदा ऐकायची आहे." मी म्हणते, घसा बसलाय. माझा घसा असा वर्षानुवर्षं बसलेला आहे.

खरं कारण लाज. मला भीतीतून सोडवलं हे खरं, आणि प्रभूनेच सोडवलं हेही खरं. पण ज्या घटकेला सोडवलं त्या घटकेला माझ्या मनात जे होतं, ते चारचौघांत उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. कागद आमेन म्हणत नाही, म्हणून इथे लिहिते.

माझं सासर कंग्राळीच्या बाजूचं. भाताची शेती, एक बैलजोडी, आणि घरात सासू, जिला मी आत्ती म्हणायची, व मी. सासरे माझ्या लग्नाआधीच गेले होते. नवरा पलटणीत. एकदा कवायतीत त्याचा पाय मोडला आणि तो कॅम्पातल्या दवाखान्यात बरेच दिवस पडून राहिला. तिथला एक ख्रिस्ती कंपाउंडर संध्याकाळी त्याच्या खाटेशी बसून त्याला वाचून दाखवायचा. आपला पाय आणि मन एकाच वेळी सरळ झालं, असं नवरा पुढे चेष्टेने म्हणायचा. वर्षभराने त्याने बाप्तिस्मा घेतला, आणि त्याच्याबरोबर मीही घेतला. मला त्यातलं कितीसं कळत होतं ते प्रभूलाच ठाऊक. पण तो सुट्टीला आला की चुलीपुढे बसून मला बाराखडी शिकवायचा. माझ्या माहेरी कुणाच्या नवऱ्याने असं कधी केलं नव्हतं. ज्या देवामुळे माणूस असा होतो तो देव खोटा नसणार, एवढं मला कळलं होतं.

सासूने बातमी ऐकली आणि ती अंथरूण धरून पडली. जेवण नाही, बोलणं नाही. मग एका सकाळी आपणहून उठली, चूल पेटवली आणि आम्हा दोघांना म्हणाली, "देव बदला. घर बदलू नगासा. माझं एकच पोरगं हाय." भावकीने आम्हा दोघांना पाणवठ्यावर मज्जाव केला, सासूला केला नाही. तेव्हापासून एका घरात पाण्याच्या घागरी दोन झाल्या, आणि दोन्ही ती म्हातारीच भरून आणायची. यावरून गल्लीत तिला किती टोमणे खावे लागले असतील याचा हिशेब मी त्या वयात कधी केला नाही.

आता कुंकवाचं सांगते. ते पुस असं मला कुणीही म्हटलं नव्हतं. पण चर्चमध्ये जुन्या ख्रिस्ती घराण्यांतल्या बायका पुढच्या बाकांवर बसत. पांढरीशुभ्र लुगडी, चापून बसवलेले केस आणि कोरी कपाळं. त्यांच्यात बसले की मला माझं खेडवळपण कपाळावर लावून आणल्यासारखं वाटायचं. त्यांच्यासारखं दिसावं म्हणून मी कुंकू पुसलं. त्यात धर्म थोडा आणि हौस फार होती. लहानपणापासून त्या जागी मेण लावून वर कुंकू बसवलेलं, तिथल्या कातडीला ऊन कधी लागलेलंच नव्हतं. त्यामुळे कपाळाच्या मधोमध चवलीच्या नाण्याएवढा फिका ठिपका उमटला. नवरा हसून म्हणाला, "कुंकवापरीस ह्येच लांबनं दिसतंय."

सासू हसली नाही. "त्याच्या जीवावर बेतू देऊ नगंस म्हंजे झालं," एवढंच ती म्हणाली आणि जात्यावर बसली. बाईच्या कपाळाचं कुंकू पुसलं गेलं की नवऱ्याचं आयुष्य पुसलं जातं, हे मी आईच्या दुधाबरोबर प्यायले होते. बाप्तिस्म्याच्या पाण्याने ते धुऊन निघालं असं मी समजत होते. नवरा घरात होता, धडधाकट होता, तोवर तसं समजायला काही जात नव्हतं.

मग मोठी लढाई सुरू झाली आणि त्याची पलटण समुद्रापलीकडे, इराकातल्या बसऱ्याला निघाली. बेळगाव स्टेशनावर बायकांची ही गर्दी. कुणाच्या हातात ओवाळायचं ताट, कुणाच्या कडेवर पोर. मीही रेटारेटीत पुढे सरकत होते. तो कोणत्या डब्यात आहे ते मला कळलं होतं. इतक्यात शेजारच्या एका बाईने माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि माझा दंड धरला. तिचाही नवरा त्याच डब्यात होता. तिच्या बोलण्यात राग नव्हता, उलट अजिजीच होती. "आक्का, जरा मागं सर की. गाडी हलूंदे, मग ये." तिला मी विधवा वाटले. लढाईला निघालेल्या माणसांच्या नजरेला पांढरं कपाळ पडू नये, एवढंच तिचं म्हणणं. माझा नवरा जिवंत आहे आणि तो तिथे खिडकीत उभा आहे, असं मला सांगता आलं असतं. मी तशी तोंडाने तिखट, पण त्या वेळी माझी जीभ उचलली नाही. मी मागे सरले ती एका खांबाच्या आड गेले, आणि गाडी हलली. त्याने खिडकीतून मला शोधलं असणार. मी त्याला पाहिलं नाही.

घरी आले. सासूने माझ्या तोंडाकडे पाहिलं, आत गेली, आणि स्वतःच्या चांगल्या दिवसांतला कुंकवाचा करंडा आणून माझ्यापुढे सरकवला. मी मेण लावलं, कुंकू लावलं आणि भाकऱ्या थापायला बसले.

इथून माझी दुहेरी वागणूक सुरू झाली. आठवडाभर कपाळ भरलेलं. रविवारी सकाळी चर्चला निघायचं, वाटेत ओढा लागतो तिथे बसायचं, पदराचं टोक ओलं करून कुंकू पुसायचं, मेणाचा चिकटा मातीने घासून काढायचा आणि कोऱ्या कपाळाने कॅम्पात शिरायचं. येताना पुन्हा त्याच ओढ्यावर बसून कनवटीची कुंकवाची पुडी सोडायची. दर रविवारी मी सकाळी विधवा व्हायची आणि दुपारी सवाष्ण. चर्चमध्ये डोळे मिटून म्हणायची, प्रभू, माझा नवरा तुझ्या हाती सोपवते. आणि म्हणता म्हणता पुडी जागेवर आहे ना, ते बोटांनी चाचपायची. घामाने कुंकू ओघळलं की हातातलं काम टाकून मी ते पुन्हा लावायची. करंडा हातून निसटला आणि कुंकू जमिनीवर सांडलं, त्या दिवशी मी घास गिळू शकले नाही. घरी असले की प्रभूची लाज वाटे, आणि चर्चमध्ये असले की सासूची. ओढ्यावर कुणाचीच नको वाटायला. पण तिथे गुरं राखणाऱ्या बायका असायच्या, त्या माझ्याकडे टक लावून बघत आणि आपसांत काहीतरी बोलत.

शेवटी चोरी उघडी पडली. पाळकांच्या बायकोने माझ्या केसांजवळ बोट नेलं आणि विचारलं, "हे लाल काय लागलंय?" मी म्हटलं, "पानाचा रंग असंल." त्या बाई फटकळ होत्या. "तू कपाळानं पान खातेस का गं?" म्हणाल्या. पुढच्या बाकावरच्या दोघी हसल्या. माझे कान असे तापले की आजही आठवतं.

उपासनेनंतर पाळकांनी मला चर्चच्या ओसरीवर थांबवून घेतलं. हे पाळक मूळचे निपाणीकडचे, तंबाखूच्या वखारींत लहानाचे मोठे झालेले, आणि बोलायला अतिशय संथ. मी मात्र भांडायच्या तयारीनेच उभी होते. त्यांना तोंड उघडू न देता मी म्हटलं, "कुंकू लावणं पाप हाय का न्हाय, ते एकदा सांगून टाका. पाप असंल तर पुसते, नसंल तर लावते. ही रोजची कटकट मला नको."

ते म्हणाले, "ते मागनं बघू. तू आधी मला सांग, का लावतीस?"

"नवरा सुखरूप यावा म्हणून."

"आणि का पुसतीस?"

"तुम्ही सगळी काय म्हणशीला म्हणून."

"म्हणजे दोन्ही वेळेला भ्याच हाय," ते म्हणाले. "हौसेनं लाव, नवऱ्याच्या मायेनं लाव, माझी काही हरकत न्हाई. भिऊन लावू नको. आणि आम्हांला भिऊनबी पुसू नको. नवऱ्याचा जीव प्रभूच्या हातात हाय म्हणतीस तर तसं वागून बघ."

मला त्यांचा इतका राग आला की मी नमस्कारही न करता निघाले. मी हुकूम मागायला गेले होते. हुकूम मिळाला असता तर मी तो निमूटपणे पाळला असता, आणि पुढे काही वाईट झालं असतं तर त्यांच्या नावाने बोटं मोडली असती. त्यांनी मला तेवढीही सोय ठेवली नाही. ओढ्यापर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत आले, आणि ओढ्यावर बसून नेहमीप्रमाणे पुडी सोडली.

बेंदूर आला. आमच्या भागात ज्येष्ठातल्या पुनवेला बैलांचा हा सण होतो. नदीवर बैल धुतात, शिंगं रंगवतात, झुली घालतात, संध्याकाळी वाजतगाजत दारी आणतात. घरची सवाष्ण त्यांच्या पायांवर पाणी घालते, कुंकू लावून ओवाळते आणि पुरणपोळीचा घास देते. आमच्या घरात हे करायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. सासू विधवा, तिला ते करायची परवानगी नाही. नवरा गेल्यापासून शेत आणि बैल चुलत दीर बघत असे. बैल तोच घेऊन येणार होता.

पुरण शिजत होतं आणि मी चुलीपुढे बसले होते. का कुणास ठाऊक, मला एकाएकी स्वतःचा वीट आला. प्रभू, मी भिऊन भिऊन दमले, असं मी म्हटलं. याहून मोठी प्रार्थना मला सुचली नाही. उठले, तोंड धुतलं, कुंकू धुतलं, आणि पुन्हा लावलं नाही. पाळकांना एकदा दाखवतेच, हा ताठाही त्यात होता. नव्हता म्हटलं तर खोटं होईल. पण अंगावरचं ओझं उतरल्यासारखं हलकं वाटलं हेही तितकंच खरं.

बैल दारात आले तेव्हा मी तांब्या घेऊन उंबऱ्यावर उभी होते. माझ्यामागे सासू पोळ्यांचं ताट धरून उभी. दिराने माझ्याकडे पाहिलं आणि कासरा ओढून बैल जागच्या जागी थांबवले. वाजंत्री थांबली. तो खालच्या आवाजात म्हणाला, "वैनी, आज तरी."

"पाय धुते, भाऊजी. घास देते. येऊ दे त्यास्नी," मी म्हटलं.

"न्हाय वैनी. दादा तिकडं लढाईत हाय. पांढऱ्या कपाळाच्या दारातनं मी बैल आत घालणार न्हाय." असं म्हणून त्याने बैल वळवले आणि आपल्या घराकडे नेले. आमचे बैल, आमच्या गोठ्यातले. ते मान वळवून वळवून पोळीच्या वासाकडे बघत गेले. सगळी गल्ली ओट्यांवर उभी होती. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "नवऱ्याला खाती आता ही." कुणी तिला गप्प केलं नाही. मी मागे वळले तर सासू तिथे नव्हती. ताट जमिनीवर ठेवून ती आतल्या खोलीत गेली होती, आणि त्या दिवशी ती बाहेर आली नाही. मी तिला हाक मारली नाही. तिच्या डोळ्यांना डोळा द्यायची मला लाज वाटत होती.

पण लाजेच्या खाली, अगदी तळाशी, मी फुगले होते. मी जिंकले असं मला वाटलं. पुढच्या रविवारी ओढ्यावर थांबायचं कारण उरलं नव्हतं. मी पाण्यातून पाय टाकत सरळ पलीकडे गेले आणि चर्चमध्ये पुढच्या बाकांपैकी एकावर जाऊन बसले. पाळकांनी पाहिलं. त्या वेळी मला कुणी साक्ष दे म्हटलं असतं तर मी ताडकन उठले असते, आणि सगळ्यांना आवडेल अशी साक्ष दिली असती. नशीब, कुणी म्हटलं नाही.

भात कापणीला आलं तेव्हा एका सकाळी शेजारच्या गावचे एक पेन्शनीतले हवालदार आमच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं, आणि ते बोलायच्या आधीच मला कळलं. माझा नवरा बसऱ्याच्या दवाखान्यात वारला होता. गोळीने नव्हे, तापाने. त्याच्या शेजारच्या खाटेवरचा आमच्याच भागातला एक जखमी शिपाई परत आला होता, आणि ही हकीकत त्याने सांगितली होती. कचेरीतून कागद मागाहून येणार होता.

मी दाराच्या आत भिंतीला टेकून बसले. सासू ओसरीवर हवालदारांच्या समोर बसली होती. ती रडली नाही, ओरडली नाही. तिने विचारलं, "कवा गेला?"

हवालदारांनी इंग्रजी महिना सांगितला. तिला तो समजेना. "तसं नगं," ती म्हणाली. "बेंदराच्या आधी का बेंदराच्या मागनं?"

आत्ती हे का विचारते आहे ते मला लगेच उमगलं, निदान मला तसं वाटलं. बेंदरापर्यंत माझ्या कपाळावर कुंकू होतं. बेंदरापासून नव्हतं. तो आधी गेला असेल तर मी सुटले, आणि नंतर गेला असेल तर मी त्याला मारलं. ओसरीवर माझा न्याय चालला होता, आणि आतल्या अंगाला बसून मी, प्रभूची लेक म्हणवणारी, हवालदारांच्या तोंडाकडे बघत होते. आधी म्हणा, आधी म्हणा, असं मनात घोकत होते. चर्चमध्ये मी इतक्या मनापासून कधी प्रार्थना केलेली नव्हती.

हवालदार जरा आठवून म्हणाले, "मागनं, आक्का. त्यो शिपाई सांगत हुता, पुनवंचा चंद्र बघून पोरांनी बेंदूर ओळखला. खाटंवर पडल्या पडल्या ह्यानं सगळ्यांस्नी सांगिटलं, आज आमच्यात बैल धुतलं असतील, पुरण शिजलं असंल. हसत हुता म्हणं. त्याच्या मागनं ताप वाढला. दोन-चार दिसांत गेला."

सासूने मान हलवली. हवालदार थोडा वेळ बसले, चार शब्द धीराचे बोलले आणि निघून गेले. गल्लीत बातमी पसरायला अजून अवकाश होता. घरात आम्ही दोघीच. ती उठून आत आली आणि समोरच्या भिंतीला पाठ लावून बसली. ती काय म्हणणार ते मला पाठ होतं. स्टेशनावरची बाई, दीर, ओट्यावरची म्हातारी, सगळे आता तिच्या तोंडून बोलणार होते. मी मान खाली घालून वाट बघत राहिले.

ती म्हणाली, "माझ्यामुळं गेला."

मी वर पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते आणि ओठ सुकून गेले होते.

"देवीला बोलले हुते," ती म्हणाली. "बेंदराला पुरणाचा निवद घिऊन येते, माझ्या पोराला जगीव. ताट भरून ठेवलंतं. बैल वळलं, आणि मला भाईर पडाय तोंडच न्हाय उरलं. देवळात बायका इच्यारनार, सून कुठं हाय, तिच्या कपाळाला काय झालं. त्यास्नी काय सांगू? म्हणून गेले न्हाय. दुसऱ्या दिशी जाऊ म्हटलं, तवाबी पाय निघंना. निवद चुकला. देवीनं पोरगं न्हेलं." मग ती पुन्हा म्हणाली, "मागनंच गेला बघ. आधी गेला असता तर माझ्याकडं दोष न्हवता."

म्हणजे तीही त्याच बेंदरावरून स्वतःचा न्याय करत होती. माझ्या कपाळाचा विचारसुद्धा तिच्या मनात आलेला नव्हता.

आणि मला बरं वाटलं.

साक्षीत सांगता येत नाही ते हे. नवरा गेल्याची बातमी येऊन घटका झाली नव्हती. समोर त्याची आई स्वतःला पोराची मारेकरी ठरवून बसली होती, तीही माझ्यामुळे चुकलेल्या निवदापायी. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर मी नव्हे, ही. छातीवरचा धोंडा हलला आणि तो तिच्या छातीवर जाऊन पडला, आणि मी मोकळा श्वास घेतला. तो श्वास मला ऐकू आला. तिलाही आला असेल.

त्या श्वासासरशी मला माझं सगळं दिसलं. बेंदराला मी कुंकू धुतलं होतं, भीती धुतली नव्हती. पुढच्या बाकावर बसून मी आतल्या आत दिवस मोजत होते, आज काही झालं नाही, आज काही झालं नाही, म्हणत होते. माझ्यात आणि त्या ओट्यावरच्या म्हातारीत फरक एवढाच की ती मोठ्याने बोलली. लाजेने माझं अंग पेटलं. आयुष्यात मला पुष्कळदा लाज वाटली आहे, बरीचशी फुकट. पण ती लाज खरी होती. सासूच्या पायांवर पडावं असं वाटलं, आणि तेवढंही करवेना.

दर रविवारी आम्ही म्हणत असू की प्रभूने आमचा दोष स्वतःवर घेतला. मी ते पाढ्यांसारखं म्हणत आले होते. त्या सकाळी त्याचा अर्थ मला पहिल्यांदा कळला. गावाला दोष ठेवायला कुणीतरी लागतं, मला लागलं, आत्तीलाही लागलं. आणि तिला दुसरं कुणी सापडलं नाही म्हणून तिने स्वतःला धरलं. मी तो दोष तिच्यावर ढकलून सुटू बघत होते. तो आमच्यापैकी कुणावरच ठेवायचा नव्हता. ज्याने तो उचलायचा त्याने केव्हाच उचलला होता, आणि मी इतके रविवार त्याच्यासमोर बसून तो परत मागून घेत होते. हे माझ्या डोक्यात आलं असं म्हणवत नाही, पोटात उतरलं. दुखरा दात पडून गेल्यावर जीभ पुन्हा पुन्हा त्या जागी जाते, तशी मी भीती चाचपून बघितली. ती तिथे नव्हती. नवरा गेला होता, मी दोषी ठरणार होते, लोक मला नवऱ्याला खाल्लेली म्हणणार होते, आणि मला त्या कशाचंही भय वाटत नव्हतं. दुःख होतं. पण ते आता फक्त दुःख होतं.

मी सरकत जाऊन सासूच्या समोर बसले. तिचे हात हातात घेतले. ते गार पडले होते.

"आत्ती, त्यो तुमच्यामुळं न्हाय गेला."

"मग तुझ्यामुळं?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला फक्त कुणीतरी हवं होतं.

"न्हाय. माझ्यामुळंबी न्हाय."

"मग कशानं गेला?"

"तापानं गेला, आत्ती."

तिने माझ्याकडे बघितलं. मी काही लपवते आहे का ते ती माझ्या तोंडावर शोधत होती, आणि मी तिला शोधू दिलं.

"निस्त्या तापानं?"

"व्हय. निस्त्या तापानं."

तिने एकदा दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माझं पोरगं," ती म्हणाली, आणि माझ्या मांडीवर कोसळून हंबरडा फोडून रडायला लागली. तोवर ती नुसती भ्यालेली होती. पोरासाठी रडायला तिला सवडच झाली नव्हती.

मलाही नव्हती.